तिसरा भाग बाहेर गेलाय

मालिका वाचणाऱ्यांनी वाचनालयाच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकलेलं असतं: "तिसरा भाग बाहेर गेलाय, चौथा देऊ का?" देणाऱ्याच्या लेखी पुस्तक ते पुस्तक. घेणाऱ्याला मात्र, दुसऱ्या भागाच्या शेवटी कड्यावर लोंबकळत राहिलेल्या नायकाचं चौथ्या भागात थेट लग्न लागलेलं पाहण्यात काडीचा रस नसतो. तरीही त्या उत्तराला एक अर्थ होता. प्रत एकच, ती कुणाच्या तरी उशाशी पडलेली, आठवडाभरात परत यायची. ई-बुकच्या बाबतीत हे उत्तर चालत नाही. ई-बुकची प्रत कधी 'बाहेर' जात नाही. हजार जणांनी एकाच मिनिटाला विकत घेतली तरी हजारांना मिळते. असं असूनही मोबाइलवरच्या दुकानात मालिकेचा पहिला, दुसरा, चौथा आणि सहावा भाग दिसतो आणि तिसऱ्याचा, पाचव्याचा पत्ता नसतो. कधी शेवटचा भाग असतो आणि पहिलाच नसतो. हे कोडं इंग्रजी वाचकालाही पडतं. मराठी वाचकाला जरा जास्त वेळा पडतं, इतकंच.

यावर तीन उत्तरं नेहमी ऐकू येतात: मराठीत तंत्रज्ञान मागे आहे, ई-बुकला गिऱ्हाईक नाही, प्रकाशक आळशी आहेत. तिन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, पण तिसराच भाग का गायब, याचं उत्तर एकाही कारणात मिळत नाही. तंत्रज्ञान मागे असतं तर सगळेच भाग नसते. गिऱ्हाईक नसतं तर पहिले दोन तरी कशाला काढले असते? मालिका ही वाचकाच्या डोक्यात असते. करारांच्या फाइलीत आणि जमाखर्चाच्या वहीत मालिका नावाची वस्तू सहसा नसते. तिथे सुटे सुटे भाग असतात आणि प्रत्येकाची कुंडली वेगळी असते. बहुतेक गायब भाग कागदपत्रांत हरवलेले आहेत.

सलग शेत, वेगळे सातबारे

रस्त्यावरून पाहिलं तर सात एकरांचं शेत सलग दिसतं. तलाठ्याकडे गेलं की कळतं, त्यात चार गट आहेत आणि चार सातबारे. एकावर थोरल्या भावाचं नाव, दुसऱ्यावर आत्याचा हिस्सा, तिसऱ्यावर सोसायटीचा बोजा, चौथ्याची नोंदच झालेली नाही. पुस्तकांच्या मालिकेचं असंच असतं. लेखकानं पहिला भाग एका प्रकाशकाला दिला, खप पाहून दुसऱ्या प्रकाशकानं पुढचे दोन मागून घेतले, मग पहिला प्रकाशन बंद करून बसला. एका भागाचा करार फक्त एका आवृत्तीपुरता, दुसऱ्याचे हक्क कायमचे विकलेले, तिसऱ्याबद्दल काही लिहूनच ठेवलेलं नाही. लेखक गेल्यावर हक्क वारसांकडे येतात. मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात, आणि सही दोघांची लागते. मुखपृष्ठाचा आणि आतल्या चित्रांचा हक्क चित्रकाराकडे राहिलेला असेल तर तो आणखी एक सातबारा.

त्यात 'हक्क' हीसुद्धा एकसंध चीज नव्हे. छापण्याचा हक्क, भाषांतराचा, नाटक-सिनेमाचा, ध्वनिपुस्तकाचा आणि ई-बुकचा, अशी ती मोळी असते आणि तिच्यातली एकेक काटकी वेगळी काढून देता येते. ज्याच्याकडे छापण्याची काटकी आहे त्याच्याकडे ई-बुकची असेलच असं नाही. मालिका तीसचाळीस वर्षांपूर्वीची असेल तर करार लिहिताना ई-बुक हा शब्द फारसा कुणाला ठाऊक नव्हता. मग त्या कराराचा अर्थ कसा लावायचा?

हा प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला. २००१ साली रोझेटा बुक्स या छोट्या कंपनीनं विल्यम स्टायरन, कर्ट व्होनेगट आणि रॉबर्ट पार्कर यांच्या काही पुस्तकांची ई-बुकं थेट लेखकांशी करार करून काढली. त्यांच्या छापील पुस्तकांचे हक्क असलेल्या रँडम हाउसनं त्यावर मनाई मागितली. जुन्या करारांत 'पुस्तकाच्या रूपात' छापण्याचा आणि विकण्याचा हक्क दिलेला होता. त्या शब्दांत ई-बुक बसत नाही असं न्यूयॉर्कच्या कोर्टाला दिसलं. मनाई मिळाली नाही आणि पुढच्या वर्षी अपिलातही तोच निकाल टिकला. याच्या उलटं २०१४ साली घडलं. जीन क्रेगहेड जॉर्ज यांच्या 'ज्युली ऑफ द वुल्व्ह्ज' या मुलांच्या कादंबरीचा करार १९७१ चा, पण त्यात संगणकाचा आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक साधनांचा उल्लेख होता. त्या एका कलमामुळे छापील पुस्तकाचे प्रकाशक हार्परकॉलिन्स जिंकले आणि ई-बुक काढणारी दुसरी कंपनी हरली. दोन्हीकडची पुस्तकं वाचकासाठी सारखीच जुनी. फरक पडला तो टाइपरायटरवर कुणीतरी बडवलेल्या एका ओळीमुळे.

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं हा घोळ पुढच्यासाठी बराच सोडवला: करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा हक्क करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय प्रकाशकाकडे जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरायचा, असंही कायदा सांगतो. लेखकाच्या बाजूनं हे न्याय्यच आहे. पण जुन्या करारांचा घोळ उरतोच, आणि जुन्या मालिकेचं ई-बुक निर्धास्तपणे काढायचं तर प्रकाशकाला भागागणिक नवी सही हवी. जिथे सही मिळाली तो भाग दुकानात येतो. तिसऱ्या भागाच्या वारसांचा पत्ता सापडला नाही, तर तिसरा भाग 'बाहेर' राहतो.

सगळ्या किल्ल्या एकाच्या कमरेला

हे खरं असेल तर उलटंही खरं ठरायला हवं: सगळे हक्क एका हाती असतील तर मालिका एकगठ्ठा यायला हवी. तशी ती येते. हॅरी पॉटरचे ७ भाग १९९७ ते २००७ या काळात आले. अॅमेझॉनचं किंडल २००७ च्या नोव्हेंबरात आलं. जगातली सर्वांत खपणारी मालिका आणि नवंकोरं वाचनयंत्र एकाच वर्षी बाजारात असूनही पुढची चार वर्षं त्या मालिकेचं एकही अधिकृत ई-बुक नव्हतं. जे. के. रोलिंग यांनी डिजिटल हक्क स्वतःकडे ठेवले होते आणि त्यांना तेव्हा ई-बुक काढायचं नव्हतं. २०१२ च्या मार्चमध्ये त्यांनी 'पॉटरमोअर' या स्वतःच्या संकेतस्थळावरून विक्री सुरू केली तेव्हा सातही भाग एकदमच आले. जेम्स बाँडच्या बाबतीतही असंच. इयान फ्लेमिंग यांच्या वारसांच्या कंपनीकडे ई-बुकचे हक्क होते. २०१० साली त्यांनी छापील पुस्तकांच्या प्रकाशकाला बाजूला ठेवून ब्रिटनमध्ये बाँडची ई-बुकं स्वतःच काढली.

यावर कुणी म्हणेल, ही तर जगभर कोट्यवधींनी खपणारी पुस्तकं, त्यांना कसली अडचण? पण पॉटरच्या उदाहरणाचा मुद्दा नेमका तोच आहे. मागणी अफाट होती, यंत्रं होती, मजकूर संगणकावर होता, आणि तरीही ई-बुक नव्हतं, कारण किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांची इच्छा नव्हती. मागणी हे एकच कारण असतं तर ती मालिका सर्वांत आधी आली असती.

गाव बदललं की पुस्तक गायब

कधी भाग असतो, पण तुमच्या गावात नसतो. छापील पुस्तक बॅगेत टाकून पुण्याहून न्यू जर्सीला नेता येतं. ई-बुकचा व्यवहार मात्र ग्राहकाच्या खात्यावरचा देश पाहून होतो. एखाद्या इंग्रजी मालिकेच्या मराठी भाषांतराचा हक्क भारतीय उपखंडापुरताच घेतलेला असेल, तर परदेशातल्या मराठी वाचकाला ते ई-बुक 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' असं दिसतं. भाषांतरित मालिकांना मूळ लेखकाची परवानगी, तिची मुदत आणि भाषांतरकाराचा स्वतंत्र हक्क, असं तिहेरी कुलूप असतं. मुदत संपली की दुकानात असलेला भागही काढून घ्यावा लागतो. म्हणून गेल्या वर्षी दिसलेलं पुस्तक यंदा दिसत नाही.

देशांच्या कायद्यांतला फरक काय करू शकतो हे २००९ च्या जुलैत जगाला दिसलं. जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' आणि 'अॅनिमल फार्म' ही पुस्तकं काही देशांत हक्कमुक्त झाली होती, पण अमेरिकेत नाही. अमेरिकेतला हक्क नसलेल्या विक्रेत्यानं ती किंडलच्या दुकानात ठेवली आणि चूक लक्षात आल्यावर अॅमेझॉननं लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या प्रती त्यांच्या यंत्रांतून दूरवरून पुसून टाकल्या. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण पाळत ठेवणाऱ्या सत्तेवरची कादंबरी वाचकाच्या हातातून रातोरात नाहीशी व्हावी, हा योग ऑर्वेलनंही कथेत घेतला नसता, इतका उघड आहे.

चौकट: मुदत कशी मोजतात?
भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकुरांचं साहित्य हक्कमुक्त व्हायच्या सुमारास, १९९२ च्या दुरुस्तीनं ती १० वर्षांनी वाढली. नाथमाधव १९२८ साली गेले, त्यांच्या कादंबऱ्या जुन्याच हिशेबानं मोकळ्या झाल्या. रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर १९९६ साली गेले, त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०५७ ला मोकळी होतील, भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' १ जानेवारी २०६२ ला. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षं मात्र प्रकाशनाच्या वर्षापासून मोजतात. त्यामुळे एकाच मालिकेला दोन मुदती लागू शकतात. फ्लेमिंग १९६४ साली गेले. 'कॅसिनो रॉयाल'सारख्या त्यांच्या हयातीतल्या बाँड-कादंबऱ्या भारतात १ जानेवारी २०२५ ला मोकळ्या झाल्या, पण १९६५ मध्ये आलेली 'द मॅन विथ द गोल्डन गन' त्यानंतर एक वर्षानं.

'रवाना' झालेला 'खाना'

आता हक्क मिळाला असं धरू. पुढचा आक्षेप तयारच असतो: पुस्तक संगणकावरच तर जुळवलेलं असतं, फाइल चढवायला किती वेळ लागतो? इथे मराठीचा स्वतःचा असा इतिहास आडवा येतो. युनिकोड ही अक्षरांना जगभर एकच क्रमांक देणारी व्यवस्था. तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे. पण मराठी पुस्तकांची जुळणी त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टमध्ये होत राहिली. त्या फॉन्टमध्ये संगणकाला मराठी कळतच नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि कुठल्या खणात कुठला तुकडा हे प्रत्येक फॉन्ट-कंपनीचं वेगळं. छपाईला याची काहीच अडचण नव्हती. कागदावर अक्षर दिसलं की झालं. तोच मजकूर फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर उघडला तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो.

तो काला युनिकोडमध्ये आणणाऱ्या प्रणाली आहेत, पण पहिली वेलांटी आणि रफार त्यांची परीक्षा बघतात. 'किती' लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी आणि 'क' नंतर साठवला जातो, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी 'क', मग वेलांटी. म्हणजे प्रत्येक वेलांटीला एक उडी मारायला लावायची. 'स्थिती'मध्ये तिला 'स्' आणि 'थ' दोघांवरून उडी मारावी लागते. एकावरूनच मारली तर शब्द मोडतो. 'वर्ष'मधला रफार उलट दिशेला उडतो: दिसतो 'ष'च्या डोक्यावर, साठवायचा 'ष'च्या आधी. तीनशे पानांच्या कादंबरीत अशा हजारो उड्या असतात, आणि चुकलेली एकेक उडी माणसालाच शोधावी लागते.

पुस्तक त्याहून जुनं, खिळे जुळवून छापलेलं असेल, तर फाइलच नसते. मग पानांचे फोटो काढून त्यांतली अक्षरं संगणकाला ओळखायला लावायची. स्वच्छ, अलीकडच्या छपाईवर हे काम आता बरंच नीट होतं. पिवळ्या पडलेल्या, शाई पसरलेल्या पानांवर संगणक 'घ' आणि 'ध' यांत, 'भ' आणि 'म' यांत गोंधळतो. सर्वांत फसवा घोटाळा 'ख' आणि 'रव' यांचा. 'खाना' आणि 'रवाना' दोन्ही शब्द शुद्ध आहेत, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारी प्रणाली गप्प बसते आणि दरबारात वाढलेला खाना रवाना होतो. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. स्वस्त कागदावरच्या त्या छोट्या पुस्तकांनी वाचनालयांत हजार हात पाहिले. झुंजार किंवा काळा पहाड या त्यांच्या नायकांच्या पुस्तकाची एखादी प्रत सापडली आणि तिची चारच पानं फाटकी निघाली, तरी दुसरी प्रत मिळेपर्यंत तो भाग अडतो.

पानाचा फोटो तसाच विकला तर? काही विकतातही. पण फोटोतलं पान मोबाइलच्या रुंदीप्रमाणे वाहत नाही. प्रत्येक ओळ वाचायला बोटानं डावीउजवीकडे सरकवावं लागतं, पान मोठं न करता नुसतं अक्षर मोठं करता येत नाही, शब्द शोधता येत नाही. खऱ्या ई-बुकमध्ये मजकूर भांड्यातल्या पाण्यासारखा पडद्याचा आकार घेतो. किंडलच्या दुकानात मराठीला रीतसर जागा मिळाली ती २०१६ च्या डिसेंबरात, म्हणजे यंत्र आल्यानंतर ९ वर्षांनी. त्याआधी प्रकाशकांनी हा खटाटोप करावा असं सांगणारं अॅमेझॉनच्या बाजूनं तरी कुणी नव्हतं.

पाचव्या भागाचा हिशेब

उरला पैसा. सलग कथानकाच्या मालिकेत दुसरा भाग घेणारा माणूस पहिला वाचलेल्यांतूनच येतो, तिसरा घेणारा दुसरा वाचलेल्यांतून. समजा, पहिला भाग हजार जणांनी घेतला आणि दर भागाला तिघांतला एक गळाला, तर पाचव्या भागापर्यंत दोनशेही उरत नाहीत. रूपांतराचा आणि मुद्रितशोधनाचा खर्च मात्र पाचव्या भागालाही तेवढाच. सुट्या भागाचा हिशेब मांडणारा प्रकाशक चौथ्यावर थांबतो, आणि त्याच्या वहीप्रमाणे तो बरोबरच असतो. 'फास्टर फेणे'चं पुस्तक कुठलंही आधी वाचता येतं, त्याला ही गळती कमी लागते. नाथमाधवांच्या 'स्वराज्य-माला' या कादंबरीमालिकेला जास्त.

पण ही वही अपुरी आहे. पाचवा भाग नाही हे कळलेला वाचक पहिलाही घेत नाही. अर्धवट जिन्यावर कोण चढतो? त्यामुळे गायब भागाचं नुकसान पहिल्या भागाच्या खात्यावर पडतं, जिथे ते कुणाला दिसत नाही. 'मराठी वाचक ई-बुक घेत नाही' हा निष्कर्ष बऱ्याचदा अशाच अर्धवट मालिकांच्या विक्रीवरून काढलेला असतो; आंबे न ठेवता आंब्याला गिऱ्हाईक नाही म्हणण्यासारखं. करानंही यात थोडी भर घातली आहे. छापील पुस्तकाला जीएसटी नाही. २०१८ च्या निर्णयानुसार छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकला ५ टक्के आणि नुसत्या ई-बुकला १८ टक्के. म्हणजे छापणं परवडत नाही म्हणून मालिकेचा शेवटचा भाग फक्त ई-बुक म्हणून काढला, तर त्याच कथेवर कर तिपटीहून जास्त.

प्रकाशक आणखी एक भीती सांगतात: चोरीची. ई-बुक काढलं की ते दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर फिरणार. भीती खोटी नाही, पण ई-बुक न काढणं हा तिच्यावरचा इलाज नाही. पॉटरची ई-बुकं नव्हती तेव्हाही छापील पानांवरून केलेल्या चोरट्या फाइली नेटवर फिरत होत्या. पुढे पॉटरमोअरनं विक्री सुरू केली ती प्रतीला कुलूप न लावता. त्याऐवजी प्रत कुणी घेतली हे ओळखू येईल अशी अदृश्य खूण प्रत्येक फाइलीत ठेवली. जिथे विकत मिळत नाही तिथे चोरलेल्या फाइलीला स्पर्धकच नसतो. आणि त्या फाइलीतही तिसरा भाग बहुधा 'रवाना' छापाच्या चुकांनी भरलेला असतो, ज्याचं अपश्रेय लेखकाला जातं.

काही वेळा तर भाग असतोच, फक्त सापडत नाही. दुकानात प्रत्येक ई-बुकची एक नोंद असते आणि तिच्यात मालिकेचं नाव आणि क्रमांक यांसाठी वेगळा रकाना असतो. तो रिकामा ठेवला, किंवा एका नोंदीत 'भाग ३', दुसरीत 'खंड तिसरा' आणि तिसरीत नुसतंच पुस्तकाचं नाव लिहिलं, तर संगणकाला ती भावंडं आहेत हे कळत नाही. एका दुकानाशीच बांधून घेतलं तर लेखकाला जास्त वाटा, अशा योजनांमुळे दोन भाग एका अॅपवर आणि पुढचे दुसऱ्यावर असंही होतं.

हरवलेल्या वारसांपुरता कायद्यात एक दरवाजा आहे. लेखक हयात नसेल किंवा हक्काचा मालक शोधूनही सापडत नसेल, तर जाहिरात देऊन, अर्ज करून, ठरवून दिलेलं मानधन भरून प्रकाशनाचा परवाना मिळवता येतो. पूर्वी हे काम कॉपीराइट बोर्डाकडे होतं, आता त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. दोनशे वाचकांच्या पाचव्या भागासाठी कोण प्रकाशक वकील लावेल? त्यापेक्षा स्वस्त इलाज करार करण्याच्या दिवशीच असतो: मालिकेचे सगळे भाग एकाच कागदावर घ्यायचे, ई-बुकचा उल्लेख नावानिशी करायचा, आणि अमुक वर्षांत ई-बुक निघालं नाही तर तो हक्क लेखकाकडे आपोआप परत जाईल असं एक कलम घालायचं. आज लिहिल्या जाणाऱ्या मालिकांना याचे काहीच पैसे पडत नाहीत. जुन्यांपैकी ज्या मोकळ्या झाल्या आहेत, त्यांना सहीसुद्धा लागत नाही. नाथमाधवांचं 'स्वराज्याचा श्रीगणेशा' उद्या कुणीही काढावं. फक्त त्या माणसानं पानापानावरचा प्रत्येक 'रव' एकदा डोळ्यांखालून घातला पाहिजे.